पाणी तापविण्याचे साधन : आधी हिशोब, मग खरेदी

शेतकऱ्याच्या घरी बैलजोडी, पंप किंवा बियाणे घ्यावयाचे झाले म्हणजे चार ठिकाणी चौकशी होते, जाणत्या माणसाचे मत घेतले जाते व जमाखर्चाचा मेळ बसल्यावरच पैसा मोकळा होतो. आंघोळीचे पाणी तापविण्याच्या साधनाच्या बाबतीत मात्र ही सावधगिरी सहसा दिसत नाही. शेजाऱ्याने गीझर बसविला म्हणून आपणही बसवावा, दुकानदाराने स्वस्त दाखविला म्हणून गॅसचा तापक घ्यावा, अथवा ‘सरपण काय, फुकटच आहे’ असे म्हणून जुनी चूलच चालू ठेवावी, अशी रीत पडली आहे. वस्तुतः हे साधन वर्षानुवर्षे रोज चालावयाचे असते. त्याच्या खरेदीची किंमत एकदा द्यावी लागते; परंतु जळण, वीज, वेळ व श्रम यांच्या रूपाने त्याची खरी किंमत रोज द्यावी लागते. ही रोजची किंमत कोण देतो, याचा विचार खरेदीपूर्वी झाला पाहिजे. बहुतेक घरांत ती घरातील स्त्री देते आणि तिच्या बरोबरीने शेतही देते.

फुकटच्या सरपणाचा हिशोब

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर स्वयंपाकाचा गॅस खेडोपाडी पोहोचला. तरीही अनेक घरांत गॅसच्या शेगडीवर फक्त चहा व भाजी होते आणि परसातील चुलीवर आंघोळीच्या पाण्याचे पातेले पूर्वीप्रमाणेच चढते. त्याखाली पऱ्हाट्या, तुराट्या, धसकटे आणि गोवऱ्या जळतात. या जळणास पैसे पडत नाहीत, म्हणून ते फुकटचे मानले जाते. ही समजूत तपासून पाहणे इष्ट आहे.

सहा माणसांचे एक कुटुंब घ्यावे. प्रत्येकास सोळा-सतरा लिटरची एक बादली धरली, तर रोज १०० लिटर कोमट पाणी लागते. २० अंशांचे पाणी ४० अंशांपर्यंत तापवावयाचे म्हणजे २००० किलोकॅलरी उष्णता पाण्यात उतरली पाहिजे. वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे ३५०० किलोकॅलरी उष्णता असते; पण तीन दगडांच्या उघड्या चुलीवर तिचा जेमतेम दहावा हिस्सा पाण्यास मिळतो, बाकी धुराबरोबर व वाऱ्याबरोबर निघून जाते. म्हणजे या कुटुंबास रोज साडेपाच ते सहा किलो जळण लागते. वर्षातील आठ महिने ऊन पाणी लागते असे धरले, तरी सुमारे १४ क्विंटल जळण केवळ आंघोळीसाठी खर्ची पडते. ते तोडणे, वाहून आणणे, वाळविणे, पावसापासून झाकणे व पहाटे फुंकर घालून पेटविणे ही कामे बहुधा स्त्रियाच करतात. धूर त्यांच्याच डोळ्यांत व छातीत जातो. या श्रमास मजुरी लावली, तर ‘फुकट’ हा शब्द टिकत नाही.

शेताच्या बाजूने पाहता हानी याहून मोठी आहे. शेण गोवरी होऊन चुलीत गेले की त्यातील नत्र आणि सेंद्रिय द्रव्य धुरावाटे नाहीसे होते. राखेत पालाश व थोडे स्फुरद तेवढे उरते. पुढे तोच शेतकरी नत्रासाठी युरियाचे पोते विकत आणतो. हे खत विकून खत विकत घेण्यासारखे झाले, आणि त्यात जमिनीचा कस वाढविणारे सेंद्रिय द्रव्य परत मिळतच नाही.

कापसाच्या प्रदेशात आणखी एक धोका आहे. जळणासाठी घराजवळ किंवा बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांना किडकी बोंडे चिकटून राहतात. त्यांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात तिचे पतंग नव्या पिकावर येतात. २०१७ च्या खरीप हंगामात या अळीने विदर्भ व मराठवाड्यातील कापसाचे केवढे नुकसान केले, ते शेतकरी विसरलेले नाहीत. हंगाम संपताच पऱ्हाट्या उपटून यंत्राने त्यांचे बारीक तुकडे करावेत व ते जमिनीत मिसळावेत, ही शिफारस सर्वांना ठाऊक आहे. परंतु जोपर्यंत घरचे ऊन पाणी पऱ्हाटीवर अवलंबून आहे, तोपर्यंत ही शिफारस कागदावरच राहील. अशा रीतीने न्हाणीतील साधनाचा प्रश्न हा पीकसंरक्षणाचाही प्रश्न ठरतो.

खरेदीपूर्वी मोजावयाच्या गोष्टी

साधन निवडण्यापूर्वी चार गोष्टी मोजून पाहाव्यात. पहिली, पाणी किती लागते व ते कोणत्या वेळी लागते. सहाही माणसे पहाटे तासाभरात आंघोळ उरकत असतील, तर साठवणीचे साधन हवे. सवडीने करीत असतील, तर लहान साधनावर भागते. दुभती जनावरे असल्यास कास धुण्यास व दुधाची भांडी स्वच्छ करण्यास लागणारे पाणीही यात धरावे.

दुसरी, पाणी कसे आहे. ज्या पातेल्यात रोज पाणी तापते त्याच्या आतल्या बाजूस पांढरा खडबडीत थर बसत असेल, तर पाणी क्षारयुक्त आहे असे समजावे. हाच थर गीझरच्या तापणाऱ्या कांडीवर व सौर बंबाच्या बारीक नळ्यांत बसतो आणि साधन निकामी करतो.

तिसरी, वीज कशी आहे. ती पहाटे असते काय, तिचा दाब पुरेसा असतो काय आणि घराला खरे अर्थिंग आहे काय, हे पाहावे.

चौथी, पाण्याची टाकी किती उंच आहे व छपरावर सकाळपासून सायंकाळपर्यंत ऊन कोठे पडते, हे पाहावे.

येथे एक बिनखर्चाची गोष्ट सांगणे अवश्य आहे. हिवाळ्यात विंधन विहिरीतून ताजे उपसलेले पाणी पुष्कळ कोमट असते. तेच रात्रभर छपरावरील टाकीत राहिले तर गार पडते. १५ अंशांचे १०० लिटर पाणी ४० अंशांवर नेण्यास २५०० किलोकॅलरी लागतात. पाणी २५ अंशांचे असेल तर १५०० पुरतात. वीज असेल तेव्हा पहाटे ताजे पाणी उपसून तेच तापविले, तर कोणतेही साधन असले तरी जळणाची व विजेची मोठी बचत होते.

निरनिराळ्या साधनांचे गुणदोष

तांब्याचा बंब हे जुने साधन असले तरी ते टाकाऊ नव्हे. त्याच्या मधोमध विस्तवाची नळी असते व पाणी तिच्या सभोवती असते. त्यामुळे उघड्या चुलीपेक्षा कितीतरी अधिक उष्णता पाण्यास मिळते आणि जळण कमी लागते. वीज नसली तरी तो अडत नाही. कोकणात नारळाची सोडणे व करवंट्या, नाशिककडे द्राक्षबागेच्या छाटणीच्या काड्या, इतरत्र मक्याची रिकामी कणसे अशा वस्तूंवर तो चांगला चालतो. त्यात गोवऱ्या व साठविलेल्या पऱ्हाट्या मात्र घालू नयेत. पाणी भरल्याशिवाय बंब पेटवू नये, नाही तर त्याची झाळ सुटते. बंद न्हाणीतही तो ठेवू नये. पडवीत किंवा परसात ठेवावा, कारण विस्तवातून निघणारा विषारी वायू कोंडून राहिल्यास प्राणावर बेतते.

विजेच्या साधनांविषयी एक गैरसमज फार पसरला आहे. अमुक साधन वीज कमी खाते व अमुक जास्त खाते, असे सांगितले जाते. वस्तुतः तेवढेच पाणी तेवढेच तापवावयास रॉड असो, लहान गीझर असो की मोठा, वीज जवळजवळ तेवढीच लागते. वरील कुटुंबाच्या १०० लिटर पाण्यास रोज सुमारे अडीच युनिट, म्हणजे महिन्यास पाऊणशे युनिट लागतात. महावितरणच्या घरगुती दरांत पहिल्या १०० युनिटांपुढील युनिट महाग पडते. तेव्हा दिवे, पंखे व दूरदर्शन यांच्या वापरात हे पाऊणशे युनिट मिळविल्यावर एकूण देयक कोठे जाते, ते आधीच पाहावे.

साधनांत खरा फरक आहे तो वेळेचा व सुरक्षिततेचा. १५ लिटरचा २००० वॅटचा गीझर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे वीस मिनिटे घेतो. त्यात तेवढेच गार पाणी मिसळले की दोघांच्या आंघोळीपुरते ३० लिटर पाणी होते. तीन लिटरचा ३००० वॅटचा ‘झटपट’ गीझर मिनिटास जेमतेम दोन लिटर पाणी २० अंशांनी तापवितो. म्हणजे एक बादली भरण्यास सात-आठ मिनिटे लागतात. हे सर्व हिशोब पूर्ण दाबाच्या विजेचे आहेत. गावात २३० व्होल्टऐवजी १७० व्होल्टच मिळाले, तर २००० वॅटचा गीझर जेमतेम ११०० वॅटचे काम करतो आणि वीस मिनिटांच्या जागी जवळजवळ चाळीस मिनिटे लागतात. शहरातील नातेवाइकाकडे उत्तम चाललेला गीझर गावी रडतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. गीझर घ्यावयाचाच असेल, तर भारतीय मानक २०८२ चे चिन्ह व ताऱ्यांची पट्टी पाहून घ्यावा, त्याचा ताप ६० अंशांच्या पुढे ठेवू नये, आणि अर्थिंगबरोबर गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपियरचा खटका बसवून घ्यावा. शेतीपंपाच्या तारेवर आकडा टाकून गीझर चालविणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय ओल्या न्हाणीत तो मृत्यूला दिलेले आमंत्रण आहे.

बादलीत सोडावयाचा रॉड सर्वांत स्वस्त म्हणून सर्वांत अधिक खपतो आणि अपघातही त्याच्यामुळे होतात. तो वापरावाच लागला, तर प्लॅस्टिकची जाड बादली घ्यावी, रॉड पाण्यात बुडविल्यावरच बटण दाबावे आणि बटण बंद करून पिन काढल्याखेरीज पाण्याला बोटही लावू नये. मुले घरात असताना तो चालू ठेवून चुलीकडे किंवा गोठ्याकडे जाऊ नये. ज्या घरास अर्थिंग नाही, त्या घरात रॉड आणू नये हे उत्तम.

गॅसच्या तापकास त्याच १०० लिटर पाण्यासाठी रोज पाव किलोच्या आत गॅस लागतो, म्हणजे १४.२ किलोच्या टाकीतील निम्मा गॅस महिन्यास आंघोळीवर जातो. खर्चाच्या दृष्टीने हे अनेकांस परवडेल. परंतु यातील धोका हा खर्चाचा नाही. बंद न्हाणीत हा तापक चालला की तेथील प्राणवायू कमी होतो व कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्यास रंग नाही, वास नाही. डोके जड होऊन माणूस बेशुद्ध पडतो व दाराला आतून कडी असल्याने कोणास कळतही नाही. म्हणून हा तापक न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेतील भिंतीवर बसवावा व फक्त पाण्याची नळी आत न्यावी. अशी जागा नसेल, तर तो घेऊच नये. या बाबतीत तडजोडीस वाव नाही.

ज्या घरी दोन-चार जनावरे आहेत, तेथे गोबरगॅसचा विचार अवश्य व्हावा. २५ किलो शेणापासून सुमारे एक घनमीटर गॅस मिळतो. १०० लिटर आंघोळीच्या पाण्यास शेगडीवर सुमारे पाऊण घनमीटर, म्हणजे रोजचे वीस किलो शेण पुरते. गोवरी जाळली की खत जाते. गोबरगॅसमध्ये मात्र जळणही मिळते आणि बाहेर पडणारी रबडी हे उत्तम खत शेतास मिळते. थंडीत गॅस कमी निघतो व नेमके तेव्हाच ऊन पाणी अधिक लागते, ही त्याची उणीव मात्र लक्षात घेऊनच संयंत्राचा आकार ठरवावा.

सौर बंब हे आपल्या हवामानास फार अनुकूल साधन आहे. १०० लिटरच्या सौर बंबातील पाणी स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण ६० अंशांपर्यंत तापते. त्यात गार पाणी मिसळले की २०० लिटर कोमट पाणी होते. म्हणजे सहा माणसांच्या कुटुंबास १०० लिटरचा बंब पुरतो. मोठा घेण्याचे कारण नाही. दिवसा तापलेले पाणी लपेटलेल्या टाकीत रात्रभर राहते, त्यामुळे शेतातून आलेल्या माणसास सायंकाळी व घरच्यांस पहाटे ते मिळते. जळण नाही, धूर नाही, वीज नाही. परंतु यास काही अटी आहेत. गार पाण्याची टाकी सौर बंबाच्या टाकीपेक्षा उंच असली पाहिजे. बंबाचे तोंड दक्षिणेस असावे व त्यावर झाडाची किंवा भिंतीची सावली पडता कामा नये. नुसत्या पाण्याचेच वजन १०० किलो असते. म्हणून कौलारू किंवा पत्र्याच्या छपरावर तो थेट ठेवू नये, अंगणात मजबूत लोखंडी मांडणी करून तीवर ठेवावा. पाणी क्षारयुक्त असेल, तर तांब्याच्या बारीक नळ्यांच्या सपाट पेटीपेक्षा काचेच्या नळ्यांचा बंब बरा, कारण तो साफ करणे सोपे असते. ज्या गावी माकडांचा उपद्रव आहे तेथे काचेच्या नळ्यांवर जाळी बसवावी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. पावसाळ्यातील ढगाळ दिवसांत सौर बंब भागवू शकत नाही, त्या दिवसांसाठी दुसरी सोय ठेवावी लागते.

कोणत्या घरास काय

एकच साधन सर्व घरांस योग्य, असे म्हणता येत नाही. तरीही सर्वसाधारण दिशा सांगता येते. पक्के घर, उंच टाकी व मोकळे ऊन असलेल्या देशावरील, मराठवाड्यातील व विदर्भातील कुटुंबाने सौर बंब घ्यावा आणि ढगाळ दिवसांसाठी घरातील जुना तांब्याचा बंब मोडीत न काढता जपून ठेवावा. जनावरे असलेल्या घराने गोबरगॅसला अग्रमान द्यावा. कोकणात पावसाळा लांब असतो व जळाऊ टाकाऊ वस्तू विपुल असतात. तेथे चांगला बंब आजही समर्थनीय आहे. लहान कुटुंब, वीज भरवशाची व अर्थिंग चोख असल्यास १५ लिटरचा गीझर पुरेसा आहे. आणि ज्या कुटुंबास यांतील काहीच आज परवडत नाही, त्याने निदान उघड्या दगडी चुलीऐवजी धुराडे असलेली सुधारित चूल घालावी व पातेल्यावर झाकण ठेवावे. एवढ्यानेही जळण कमी लागते.

साधन घेताना आणखी एक पथ्य पाळावे. ज्या व्यक्तीस ते रोज वापरावयाचे आहे, तिचे मत आधी घ्यावे. पहाटे उठून पाणी तापविणारी गृहिणी, चुलीपाशी खोकणारी सासू, उकळते पातेले उचलणारी मुलगी यांना विचारल्याशिवाय झालेली खरेदी अनेकदा अडगळीत पडते. कोणते काम किती वेळ खाते, हे त्यांच्याइतके कोणासही ठाऊक नसते.

कार्यकर्त्यांचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयाकडे केवळ घरगुती सोय म्हणून पाहू नये. अमुक इतके बंब बसविले, एवढा आकडा पुरा करणे हे त्यांचे काम नव्हे. दहा घरांत बसून रोजचे पाणी, जळण, वीज व श्रम यांचा हिशोब पाटीवर मांडून दाखविणे, हे खरे काम आहे. ग्रामसभेत अथवा महिला बचत गटाच्या बैठकीत एका घराचे सात दिवसांचे सरपण तराजूवर तोलून दाखविले, तर त्याचा परिणाम भाषणापेक्षा अधिक होतो. अनुदानाचे नाव सांगून कोणी आगाऊ रक्कम मागत असेल, तर पंचायत समितीत खात्री करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, हेही त्यांनी समजावून सांगावे. आणि पऱ्हाट्या जाळू नका असे सांगताना, मग पाणी कशावर तापवावे, याचेही उत्तर त्यांच्याजवळ तयार असावे. पर्याय न देता दिलेला उपदेश कोणी ऐकत नाही आणि त्यात ऐकणाऱ्याचा दोष नसतो.

ऊन पाण्याची बादली ही लहानशी गोष्ट आहे. परंतु वर्षाकाठी ती चौदा क्विंटल जळण, कित्येक पहाटेचे श्रम आणि शेताचे खत खाऊन टाकते. हा हिशोब एकदा घरच्या सर्वांसमोर मांडला, की कोणते साधन घ्यावयाचे हे ठरविणे कठीण राहत नाही. यंदाच्या थंडीपूर्वीच तो मांडला जावा.